पंडिता रमाबाई आणि हातांची विद्या

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत विरळाच सापडेल. त्यांची विद्वत्ता, त्यांचा परदेशप्रवास, केडगावचे मुक्तिसदन आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर ह्यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. ह्या लेखात आम्ही त्यांच्या चरित्राकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहणार आहो. नाताळ व संक्रांत जवळ आली म्हणजे आपल्या वर्गांतून रंगीत कागदाच्या चांदण्या, पताका व भेटपत्रे, तसेच कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या व रुमाल तयार होऊ लागतात. पुष्कळ मुले, आणि त्यांहूनही पुष्कळ पालक, ह्या कामास केवळ करमणूक समजतात. ज्या विदुषीस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते, तिने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कागदाच्या घड्या घालण्याची विद्या शिकण्यास बसावे, ह्याचे कारण काय, हे कळले तर तो समज दूर होईल अशी आम्हांस आशा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत. परंतु शास्त्रीबोवांनी ती झुगारून देऊन आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला स्वतः शिकविले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला शिकविले. ह्या कुटुंबास स्थिर असे घर नव्हते. तीर्थयात्रा करावी, देवळात पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा जीवनक्रम होता. अशा रीतीने मुलीची वाणी व स्मृती ही दोन्ही असामान्य तेजाने वाढली. हातांस मात्र कोणताही उद्योग ठाऊक नव्हता.

ही उणीव किती भयंकर ठरू शकते, हे दुष्काळाने दाखविले. देशात अन्नाचा तुटवडा पडला तेव्हा पुराण ऐकण्यास कोण येणार? घरातील दागिने, भांडी, वस्त्रे एकामागून एक विकली गेली. मजुरी करावी तर ती करण्याची सवय नाही. भिक्षा मागावी तर मन घेत नाही. रानातील पाने व फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली प्रथम अनंतशास्त्री, पाठोपाठ लक्ष्मीबाई, आणि त्यानंतर थोरली बहीण, अशी माणसे निघून गेली. रमाबाईंनी पुढे ह्या दिवसांची हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. तीत त्यांनी दोष केवळ पावसावर टाकिला नाही. पोट भरण्याजोगे कोणतेही व्यावहारिक शिक्षण आपणांस मिळाले नव्हते आणि अंगमेहनतीची आपणांस लाज वाटत होती, हेही त्यांनी स्पष्टपणे कबूल केले आहे. सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या मनावर बसलेला हा घाव त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे असे आम्हांस वाटते.

ह्यानंतर बंधू श्रीनिवास व रमाबाई ह्यांनी हजारो मैल पायी प्रवास केला व १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचे पतीही गेले. मनोरमा ही त्यांची मुलगी तेव्हा एक वर्षाचीही झाली नव्हती. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि विधवांच्या दुःखाचे निकट अवलोकन केले.

त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेच्या स्थितीविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिला अन्न मिळत नसे असे नव्हे. परंतु ते दुसऱ्याच्या उपकाराचे असे. आणि सणाच्या दिवशी तर तिचे दर्शनही अशुभ मानीत. संक्रांतीस सुवासिनी एकमेकींस वाण देत, हळदीकुंकू करीत, ओटी भरीत. ह्या देवघेवीत विधवेस जागा नव्हती. तिने घ्यावयाचे नाही हे तर होतेच. पण तिच्या हातून घ्यावयासही कोणी तयार नसे. घेण्याचा हक्क गेला तर मनुष्य दरिद्री होते. देण्याचा हक्क गेला तर ते मनुष्यांतूनच उठल्यासारखे होते.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळात राहून त्यांनी त्याच वर्षी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यकी शिकावी हा त्यांचा मूळचा हेतू श्रवणदोषामुळे सिद्धीस गेला नाही, म्हणून त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या. १८८६ च्या आरंभी अमेरिकेतून बोलावणे आले. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे डॉक्टरीची पदवी घेणार होत्या; तो समारंभ पाहण्यासाठी रमाबाई निघाल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. तो अडीच वर्षांहून अधिक लांबला.

ह्या लांबण्याचे एक कारण म्हणजे बालोद्यान, अर्थात् किंडरगार्टन. फिलाडेल्फियात रमाबाईंनी ही शाळा पाहिली, आणि लागलीच त्या शिक्षिकांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. ह्या पद्धतीचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) हा जर्मनीतील एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता. अगदी तान्हेपणी आई वारल्यामुळे त्याचे बालपण एकाकी गेले, आणि बहुधा म्हणूनच बाळपणाचे मोल त्याने इतरांहून अधिक ओळखिले. मुलाने प्रथम हाताने करावे आणि करता करता जाणावे, हे त्याचे मुख्य तत्त्व होय. लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन व नळकांडे अशा साध्या वस्तू तो मुलांच्या हाती देई, व त्यांस त्याने ‘देणग्या’ असेच नाव दिले होते. त्यांच्या जोडीला उद्योग असत: कागदाच्या घड्या घालणे, कातरणे, रंगीत पट्ट्या एकमेकींत ओवून चटई विणणे, भोके पाडलेल्या जाड कागदावर सुईदोऱ्याने चित्र भरणे, मातीच्या वस्तू करणे. नाताळात मुलांनी अशा वस्तू आपल्या हातांनी करून आईबापांस भेट द्याव्या, अशी गोड रीत ह्या शाळांतून रुजली. मूल एरवी घेणारेच असते. ह्या दिवशी ते देणारे होई.

रमाबाईंसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या स्त्रीस ह्यातील मर्म कळण्यास वेळ लागला नाही. कागदाचा चौकोन कर्णावर दुमडला म्हणजे त्रिकोण होतो, हे मुलास कोणी घोकावयास लावीत नाही. त्याच्या बोटांस ते कळते. कागदी चटईत एक पट्टी वर व एक खाली घालावी लागते. हातमागावरही उभ्याआडव्या धाग्यांचा हाच नियम चालतो. कागदावर सुई चालविणाऱ्या मुलीस उद्या कापडावर सुई चालविता येते. खेळापासून धंद्यापर्यंत जाणारी ही वाट सरळ आहे. पाठांतरावर वाढलेल्या आणि त्या पाठांतराने उपासमार टळली नाही हे अनुभवलेल्या रमाबाईंस ती वाट आपल्या देशात न्यावीशी वाटली, ह्यात नवल नाही. त्यांनी मराठी मुलींसाठी सचित्र क्रमिक पुस्तके तयार करण्याचा उद्योगही तेथेच आरंभिला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती अमेरिकेपुढे मांडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ स्थापन झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. आरंभी विद्यार्थिनी अगदी थोड्या होत्या. ज्या पुढे महर्षी कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या, त्या गोदूबाई ह्यांपैकीच एक होत. तेथे पुस्तकी शिक्षणाबरोबर बालोद्यानाची पद्धतीही आली. ज्या मुलीच्या हातास सणात स्थान नव्हते, तिच्या हातास येथे काम मिळाले, आणि तिने केलेली वस्तू कोणी तरी आदराने हाती घेऊ लागले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद माजला व अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. संस्था त्या आघातातून वाचली.

त्यानंतर पुन्हा दुष्काळ आला. १८९६–९७ साली मध्यप्रांतात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या व त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया वाचवून आणिल्या. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगाव येथील मुक्तिसदनात दीड हजारांहून अधिक माणसे राहू लागली. एवढ्यांस केवळ दानावर पोसणे रमाबाईंस पसंत नव्हते. मुक्तीत हातमाग लागले. शिवणकाम, धुलाई, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, शेती, असे अनेक उद्योग स्त्रिया स्वतः चालवू लागल्या. ज्या दुष्काळाने एका विद्वान कुटुंबास गिळले, त्याच दुष्काळाच्या तोंडून काढलेल्या निरक्षर मुलींच्या हाती रमाबाईंनी अक्षर आणि धोटा ही दोन्ही दिली.

अंध मुलींचीही त्यांनी उपेक्षा केली नाही. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. त्यांनी त्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. जाड कागदावर उठविलेले ठिपके हेच त्यांचे अक्षर झाले. तेथे छापखानाही होता. खिळे जुळविणे, छापणे, पाने दुमडणे, शिवणे व पुठ्ठा चढविणे ही कामे मुक्तीतील स्त्रिया करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले व ते ह्याच छापखान्यात छापावयास घेतले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. कन्येचे दुःख गिळून रमाबाईंनी आपले काम पुरे केले, आणि लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेविला. तो मोठा ग्रंथ त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आला. एके काळी सणाच्या दिवशी ज्यांच्या हातचे कोणी काही घेत नसे, अशांच्या हातांनी कागदाची ही देणगी महाराष्ट्रास दिली.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रातून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मुलामुलींनी काय घ्यावे? आपल्यापैकी पुष्कळजण सातपुड्याच्या पाड्यांतून वसतिगृहात राहावयास येतात. नाताळच्या सुमारास, दत्तजयंतीपासून, सारंगखेड्याची यात्रा भरते. कोणाचे आईबाप तेथून नव्या वस्तू आणितात, कोणास रिकाम्या हातांनीच घरी जावे लागते. रिकामा हात म्हणजे दरिद्री हात, असे ह्या दुसऱ्या मुलांस वाटू लागते. ही समजूत आम्हांस खोटी वाटते. होळीच्या दिवसांत आपल्या आदिवासी बांधवांच्या अंगावर जे मोरपिसांचे व मण्यांचे साज दिसतात, ते घरच्या हातांनीच गुंफिलेले असतात. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवून नातवंडास पांघरवितात. आपल्याच खानदेशातील एरंडोल गाव एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे कागद आणि कापड ह्यांची कला आपणांस परकी नाही.

यंदा जुन्या वहीचे कोरे कागद टाकू नका. रुंदीच्या सुमारे तीसपट लांब अशा चार सारख्या पट्ट्या कापा, प्रत्येक मधोमध दुमडा आणि चारी एकमेकींत ओवून चौकोनी गाठ बसवा. मग टोके वळवीत, दुमडीत व खोचीत गेले म्हणजे सोळा टोकांची चांदणी तयार होते. तिला खळ लागत नाही. जर्मनीत ती नाताळच्या झाडावर टांगतात व फ्रोबेलच्या नावाने ओळखतात, जरी ती त्याने शोधून काढिलेली नसली. तीच चांदणी दिवाळीत आकाशकंदिलाखालीही शोभेल. शिंप्याकडील चिंध्यांची लहान पिशवी शिवा आणि संक्रांतीस तीत तिळगूळ घालून द्या. देताना आणखी एक गोष्ट करा. शेजारी कोणी विधवा, कोणी अंध, कोणी एकाकी वृद्ध असेल, तर त्यांस नुसते देऊन परत फिरू नका. त्यांजवळ बसा, त्यांच्या हाती कागद व कात्री द्या, आणि त्यांनी केलेली वस्तू आनंदाने घरी घेऊन या. पंडिता रमाबाईंचे स्मरण ह्याहून चांगल्या रीतीने करिता येईल असे आम्हांस वाटत नाही.