थेम्सचे पात्र सर्वांसाठी खुले करणारे फर्निव्हल

पुढे ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणून जगन्मान्य झालेल्या महाग्रंथाचे आरंभीचे संपादक, ही फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल यांची परिचित ओळख. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात मात्र थेम्सकाठचा एक रोइंग क्लब आजही त्यांचेच नाव मिरवतो. त्या नावामागे एका सामाजिक झुंजीचा इतिहास आहे.

४ फेब्रुवारी १८२५ रोजी सरे परगण्यातील एगम येथे एका शल्यचिकित्सकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये शिकत असताना त्यांना वल्ह्यांचा छंद जडला आणि तो आयुष्यभर टिकला. १८४९ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १८५४ मध्ये लंडनला कामगारांसाठी स्थापन झालेल्या वर्किंग मेन्स कॉलेजमध्ये ते शिकवू लागले. रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन ते सहलींना निघत. धर्मनिष्ठ सहकाऱ्यांना हे रुचत नसे. फर्निव्हल यांनी त्याची पर्वा केली नाही.

जुने इंग्रजी ग्रंथ छापून सर्वांच्या हाती द्यावेत, यासाठी त्यांनी १८६४ मध्ये 'अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी' स्थापन केली. ग्रंथांच्या बाबतीत त्यांची जी भूमिका होती, तीच नदीच्या बाबतीतही होती.

१८८२ मध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर रोइंग असोसिएशनने कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानण्यास नकार दिला. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याची ताकद खेळात वरचढ ठरते, असा युक्तिवाद त्यासाठी केला जाई. वस्तुतः ही वर्गभेदाचीच भिंत होती. फर्निव्हल यांनी तिच्यावर कठोर टीका केली आणि १८९० मध्ये श्रमिकांना सामावून घेणारी नॅशनल अमॅच्युअर रोइंग असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला.

त्यानंतर १८९६ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, त्यांनी हॅमरस्मिथ येथे खास मुलींसाठी स्कलिंग क्लब काढला. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे, असा हा नौकानयनाचा प्रकार. दुकानांत आणि चहागृहांत दिवसभर राबणाऱ्या मुलींना आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा, व्यायाम आणि सोबत मिळावी, हा त्यामागील हेतू होता. स्त्रियांनी वल्ही मारणे अशोभनीय मानण्याचा तो काळ. १९०१ मध्ये या क्लबाने पुरुषांनाही प्रवेश दिला. बायकांच्या क्लबात पुरुष नंतर आले, असा हा उलटा क्रम क्रीडाविश्वात विरळाच.

वृद्धापकाळीही फर्निव्हल रविवारी सदस्यांबरोबर नदीवर जात. २ जुलै १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभी जोपासलेला शब्दकोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. श्रमिकांना वगळणारे कलम १९३७ मध्ये रद्द झाले आणि १९५६ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. यांपैकी काहीच पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. हॅमरस्मिथच्या नदीकाठी १९५१ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानालाही त्यांचेच नाव आहे. तेथून जवळच त्यांच्या क्लबाच्या नावा आजही पाण्यात उतरतात.