दोउरो खोऱ्याचा आधारवड : डोना आंतोनिया

पोर्ट या गोड व कडक मद्याची जन्मभूमी म्हणजे उत्तर पोर्तुगालमधील दोउरो नदीचे डोंगराळ खोरे. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच अर्क मिसळून आंबण्याची क्रिया थांबवली जाते आणि फळाची गोडी मद्यात टिकून राहते. १७५६ मध्ये सीमा आखून दिलेल्या या प्रदेशाला एकोणिसाव्या शतकातील संकटांतून तारून नेणाऱ्यांत अग्रभागी होत्या डोना आंतोनिया आदेलाइद फेरेरा.

१८११ मध्ये रेग्वाजवळील गोदिम येथे द्राक्ष बागायतदारांच्या सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विवाह नात्यातच झाला. १८४४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वैधव्य आले आणि दोन मुलांसह विस्तीर्ण कारभार त्यांच्या अंगावर पडला. तो त्यांनी समर्थपणे पेलला. पुढे १८५६ मध्ये त्यांनी आपले कारभारी सिल्वा टोरेस यांच्याशी पुनर्विवाह केला.

१८६१ मध्ये व्हालेइरा येथील खळाळत्या प्रवाहात त्यांची नाव उलटली. सोबतचे विख्यात मद्यव्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. डोना आंतोनिया वाचल्या. घेरदार झग्यामुळे त्या तरंगत राहिल्या, अशी आख्यायिका आहे.

खरी कसोटी पुढेच होती. १८६८ मध्ये मद्याला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांचा माल मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. त्याच सुमारास वेलींची मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने खोऱ्यात शिरकाव केला. पिढ्यान् पिढ्या जोपासलेले मळे वाळू लागले, कुटुंबे देशोधडीला लागली. उत्पादन घटल्यावर साठवलेल्या मालाला भाव आला; त्यामुळे लोकांना दिलेला आधार व्यापारातही फलदायी ठरला. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधणे हाच उपाय होता आणि तो खर्चिक होता. त्यांनी माघार घेतली नाही. १८७७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, खोऱ्याच्या वरच्या टोकाला व्हाले मेआंव येथे सुमारे ३०० हेक्टर पडीक जमीन विकत घेऊन त्यांनी नवा मळा उभारला. काम गेलेल्या हातांना त्यातून रोजगार मिळाला.

१८९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वीसहून अधिक मळे त्यांच्या मालकीचे होते. लोक मात्र त्यांना 'फेरेरिन्या' या लाडक्या नावानेच ओळखत. व्हाले मेआंवच्या द्राक्षांपासूनच १९५२ मध्ये 'बार्का व्हेल्या' ही पोर्तुगालची नामांकित रेड वाइन जन्मास आली. उतारवयात लावलेल्या त्या मळ्याची फळे त्यांच्या पश्चात अर्धशतकानंतरच्या पिढीने अशी चाखली.