सातारचा विद्यार्थी

पाचगणीजवळच्या भिलार गावी मे २०१७ पासून घराघरांतून मराठी पुस्तके वाचकांसाठी मांडलेली आहेत. कोणीही यावे आणि वाचत बसावे, मोल पडत नाही. हे दृश्य पाहिले की आम्हांस याच जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याचे स्मरण होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले. वर्गात त्याने गोणपाटावर वेगळे बसावयाचे. तहान लागली तर शिपाई नळ सोडीपर्यंत थांबावयाचे. पुढे कुटुंब मुंबईस आले. तेथे संस्कृत शिकण्याची इच्छा असता त्यास फारसी घ्यावी लागली. परंतु अवांतर वाचनाची गोडी कोणासही हिरावून घेता आली नाही. वडील सुभेदार रामजी मिळकतीने बेताचे. तरी प्रसंगी विवाहित मुलींकडून उसने आणून त्यांनी मुलास पुस्तके पुरविली.

चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचीत बसे. शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यास हेरले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली; १९१३ मध्ये बडोद्याच्याच साहाय्याने तो कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. पुढे दादरला 'राजगृह' बांधले, तेही ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वाटेचा आरंभ केळुसकरांच्या पुस्तकापासून झाला, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

वाचनाची आवड उपजत असते, असे म्हणून आपण सुशिक्षित मंडळी मोकळे होतो. हे चरित्र तसे सांगत नाही. आवड मुलाची होती खरी. परंतु पोटास चिमटा घेणारा बाप आणि परक्याच्या मुलाकडे आस्थेने पाहणारा शिक्षक नसता, तर ती बागेतल्या बाकावरच विरून गेली असती. त्या काळच्या समाजाने दार लावले होते. एका माणसाने ते किलकिले केले.

आपल्या मुलांसाठी आपण कपाटे भरतो, ते योग्यच आहे. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाच्या हाती आपण कोणते पुस्तक ठेवले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, अशी आमची विनंती आहे.