आनंदीबाईंचे पहिले बाळ

बदलापूरहून गाडीत बसावे, अंबरनाथ, उल्हासनगर मागे पडले की कल्याण येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर तिथले, जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्यांची पदवी सर्व भगिनींना ठाऊक असते. मला मात्र त्यांचे पहिले बाळ विसरवत नाही.

नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर, सुमारे वीस वर्षांनी मोठे. इतर घरी बायकोच्या हाती पुस्तक दिसले की नवरा रागावे. इथे ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली की गोपाळराव संतापत, हातही उचलीत. त्यांच्या शिक्षणप्रेमाचे कौतुक जरूर करावे, पण हे झाकू नये.

अशा संसारात आनंदीबाईंना दिवस गेले. पोटात बाळ आणि पुढ्यात पाटी, वय अवघे तेरा-चौदा! आपल्या लेकी त्या वयात आठवी-नववीत असतात. मुलगा झाला. योग्य उपचार मिळाले नाहीत आणि दहा दिवसांतच तो गेला. स्त्री डॉक्टर त्या काळी कुठली असणार? पुरुष डॉक्टरपुढे बोलायचा बायकांना संकोच. आपणच डॉक्टर व्हावे, हे त्या दुःखातून त्यांच्या मनाने घेतले.

१८८३ साली त्या यजमानांविना अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. मला त्याचे नवल वाटत नाही.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. दुसरे मूल त्यांना झाले नाही.