क्लॉड बॅटली : वास्तुरचना, अध्यापन आणि इतिहास

मुंबई सेंट्रल स्थानक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९३० साली सुरू झालेल्या या स्थानकाचा आराखडा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाने तयार केला होता. व्यवसाय, अध्यापन आणि इतिहाससंशोधन या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या बॅटली यांच्या जीवनकार्याचा परिचय आपण येथे करून घेऊ.

बॅटली यांचा जन्म १८७९ मध्ये इंग्लंडमधील इप्सविच येथे झाला. मायदेशी काही वर्षे व्यवसाय करून १९१३ मध्ये ते मुंबईत आले. पुढे ग्रेगसन, बॅटली आणि किंग या संस्थेचे भागीदार म्हणून त्यांचा लौकिक झाला. तथापि त्यांचा खोल ठसा उमटला तो सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे त्यांनी तेथे प्राध्यापक म्हणून काम केले.

त्या काळी वास्तुशिक्षणाचा साचा इंग्रजी होता आणि नव्या पिढीला सिमेंट-काँक्रीटच्या आधुनिक शैलीचे आकर्षण वाटत होते. बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंकडे वळवले. या वास्तूंची मोजमापे घेऊन प्रमाणबद्ध रेखाटने करणे, हा त्यांच्या अध्यापनाचा महत्त्वाचा भाग होता. मोजमाप घेताना वास्तूमागील कारणे उलगडतात. छज्जा किती पुढे आला म्हणजे भिंतीवर सावली पडते, जाळीतून उजेड कसा गाळला जातो, दगडी तुळईच्या लांबीवर दोन खांबांमधील अंतर कसे अवलंबून असते, हे हाताने रेखाटल्यावर नीट कळते. भाषेचे उदाहरण घेऊ. शब्द उसने घेतल्याने भाषा येत नाही. तिचे व्याकरण आत्मसात करावे लागते. घुमट वा कमान वरून चिकटवल्याने इमारत भारतीय होत नाही, ती याच कारणाने. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय वास्तुरचनेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ अशा रेखाटनांवरच उभा आहे.

येथे एक विसंगतीही ध्यानात घ्यावी. मलबार हिलवरील महंमद अली जिना यांचा बंगला बॅटली यांनीच १९३६ च्या सुमारास रचला. त्याचे रूप मात्र युरोपीय वळणाचे आहे. धनिक ग्राहकाची अभिरुची आणि शिक्षकाची निष्ठा यांचा मेळ दर वेळी बसत नाही. त्यामुळे केवळ इमारतींवरून त्यांचे मूल्यमापन केल्यास ते अपुरे ठरेल. परकीय सत्तेच्या काळात एका परकीय शिक्षकाने येथील विद्यार्थ्यांना त्यांचाच वारसा अभ्यासविषय म्हणून समोर ठेवायला लावला, हे त्यांचे खरे योगदान होय. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या गावातील एखादा जुना वाडा वा मंदिर निवडा. त्याची रचना तेथील हवामान आणि उपलब्ध साहित्य यांच्याशी कशी निगडित आहे, ते दहा ओळींत लिहा.