मलिक अंबरचे अदृश्य पाणी

गनिमी काव्याचा कसबी सेनापती आणि जमीन महसुलाची घडी बसविणारा कारभारी, एवढीच मलिक अंबरची ओळख शालेय इतिहासाने आपणास करून दिली आहे. त्याच्या तिसऱ्या कर्तृत्वाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, कारण ते जमिनीच्या पोटात दडलेले आहे. आमच्या मते आजच्या काळाला त्याचीच आठवण अधिक हवी.

सुमारे १५४८ साली हबसाणात जन्मलेले चापू नावाचे हे पोर गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या एका धन्याकडे ते वाढले व तेथून दख्खनेत आले. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा पेशवाही हबशीच होता. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे बाजार आमच्या गोव्यातही भरत असत; त्या व्यापारात माणसाची काय किंमत होती हे आम्हांस निराळे सांगावयास नको. धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा झालेला अंबर स्वबळावर सरदार बनला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही बुडाल्यातच जमा झाली. त्या पडत्या काळात त्याने मुर्तझा निजामशहास गादीवर बसविले व पुढची पाव शतक अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना झुंजविले. मालोजी व शहाजी हे भोसले त्याच निजामशाहीच्या चाकरीत होते.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी हे नगर वसविले. हेच पुढे औरंगाबाद झाले व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. जागा मोक्याची खरी, पण पाण्याची वानवा. अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखाली बोगदे खणविले. मुरमातून व झिजलेल्या काळ्या खडकातून झिरपणारे पाणी त्यांत गोळा होई. मंद उतारावरून, मोट वा रहाट न लावता, ते आपल्याच ओघाने नगराकडे येई. साफसफाईसाठी वाटेत विहिरीसारखी तोंडे ठेविली होती. पुढे भाजलेल्या मातीच्या नळांतून ते हौदाहौदांत खेळविले जाई. हीच नहर-ए-अंबरी. इराणात ही विद्या प्राचीन काळापासून चालत आली आहे. त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरास मोगल सुभेदार खानखानान यानेही तशीच योजना उभारली. रणांगणावर हाडवैर असलेले हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच वाटेने गेले!

पाणी शस्त्र म्हणूनही वापरता येते हे अंबर जाणत होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतविली. दोनच वर्षांनी, १६२६ साली, तो मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे. विजयाचे फळ त्याच्या राज्यास फार काळ लाभले नाही. १६३६ पर्यंत निजामशाही संपुष्टात आली. नहर मात्र शतकानुशतके वाहत राहिली. तिचा घात शत्रूने केला नाही. तोंडे बुजवून त्यांवर घरे बांधणाऱ्या नागरिकांनी आणि डोळेझाक करणाऱ्या कारभाऱ्यांनी तो केला. आज ते शहर दूरच्या जायकवाडीतून उपसून आणलेल्या पाण्यावर विसंबून आहे.

या योजनेचे मर्म असे की, बोगद्याच्या पातळीखालचे पाणी तिला ओढताच येत नाही. डोंगर जेवढे देईल तेवढेच घ्यावयाचे, ही मर्यादा तिच्या रचनेतच होती. कूपनलिकेला अशी मर्यादा नाही. ती कायद्याने व विवेकाने घालावी लागते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ती का? सड्यांवरचा जांभा पावसाचे पाणी मुरवून झरींना व विहिरींना पुरवितो. तो सडाच आम्ही कापीत सुटलो. डिचोली-सांग्याच्या खाणींनी भूजलाच्या खाली खड्डे नेले, पाणी उपसून ओढ्यांत सोडले आणि गावोगावच्या विहिरी कोरड्या पडल्या. भूजल नियमनाचा कायदा २००२ सालीच आला. विहीर वा कूपनलिका खणण्यास त्याने परवाना लागतो. पण कागदावरच्या परवान्याने झरी पाझरत नाहीत.

एका परक्या, विकल्या गेलेल्या माणसाने आपण वसविलेल्या नगराच्या पाण्याची चिंता वाहिली. या भूमीचे धनी म्हणविणाऱ्या आम्हांस आपल्या पायाखालच्या पाण्याची तेवढी तरी चाड असावी, ही अपेक्षा अवास्तव खासच नाही.