एका गुणाचा जगज्जेता

भगिनींनो, स्मरणिकेसाठी मी दरवर्षी एखादी पाककृती देते. यंदा मात्र मोटारींच्या शर्यतीतल्या एका मुलाविषयी लिहिते आहे. आमच्या ह्यांचे गॅरेज आहे, त्यामुळे घरात पानावर बसल्यावरही बोलणे इंजिनांचेच. त्यातच माइक हॉथॉर्नचे नाव माझ्या कानी आले.

त्याचा जन्म १९२९ सालचा, इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यातला. पुढे वडिलांनी फार्नहॅम गावी गॅरेज चालवले. गॅरेजवाल्याचा मुलगा, त्याला मोटारीचा नाद न लागता तरच नवल! उंच, सोनेरी केसांचा, आणि शर्यतीतदेखील गळ्याला बो-टाय. १९५३ साली फ्रान्समध्ये त्याने थोर फांजिओला अवघ्या एका सेकंदाने मागे टाकले. पुढच्याच वर्षी वडील गेले, तेही रस्त्यावरील मोटार अपघातात.

१९५५ साली ल मान्सच्या शर्यतीत तो थांबण्यासाठी कडेला वळला, त्याला चुकवायला मागची मोटार बाजूला सरकली, आणि तिच्यावर चढून एक मर्सिडीज प्रेक्षकांवर कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका आला नाही. पण शर्यत थांबली नाही, हॉथॉर्न आणि त्याचा जोडीदार जिंकले, आणि त्याचे हसरे छायाचित्र छापून आले. ते काही मला रुचले नाही.

आता १९५८ सालची गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. जगज्जेतेपदासाठी त्याची चुरस स्टर्लिंग मॉसशी होती, दोघेही इंग्रजच. पोर्तुगालच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला हॉथॉर्नची मोटार घसरून बंद पडली. ती त्याने उताराच्या बाजूला, म्हणजे उलट दिशेने नेऊन पुन्हा सुरू केली आणि दुसरा आला. पंचांनी त्याला बाद ठरवले. तेव्हा मॉस स्वतः पंचांपुढे गेला. मोटार पदपथावर होती, शर्यतीच्या मार्गावर नव्हती, अशी साक्ष त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने दिली. बंदी उठली. वर्षअखेर हॉथॉर्नचे गुण ४२, मॉसचे ४१! मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. तरी हॉथॉर्न पहिला इंग्रज जगज्जेता झाला, आणि मॉसला ते पद पुढेही कधी मिळाले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात जिवलग मित्र पीटर कॉलिन्स जर्मनीतल्या शर्यतीत मरण पावला होता. हॉथॉर्नचे मन विटले. जगज्जेता होताच त्याने शर्यती सोडल्या. लग्नही ठरले होते.

२२ जानेवारी १९५९ रोजी, गिल्डफर्डजवळच्या साध्या, ओल्या रस्त्यावर, त्याची जॅग्वार घसरून झाडावर आदळली. वय फक्त एकोणतीस. एवढ्या शर्यतींतून तो वाचला होता.

हे वाचले त्या रात्री आमचा धाकटा मोटारसायकलवरून उशिरा यायचा होता. फाटक वाजेपर्यंत मी दिवा मालवला नाही.